विमानाच्या पत्र्याला प्रायमर: स्प्रे-कॅनवर भागतं का?

(हा आपल्या भागाचा लेखी अवतार. बोलताना येणारे ‘अं’ आणि ‘म्हणजे कसंय’ गाळलेत, बाकी बरंचसं तसंच ठेवलंय. लोकलमध्ये रेंज गेली तर वाचता यावं म्हणून.)

मागच्या भागात आपण घरच्या गॅरेजमध्ये विमान बांधणाऱ्या लोकांबद्दल बोललो. त्यावर एका श्रोत्याने विचारलं, ‘व्हिडिओंमध्ये ते लोक अ‍ॅल्युमिनियमचे भाग जोडायच्या आधी कॅनमधून हिरवट रंग मारताना दिसतात. तो नक्की काय असतो? आणि हार्डवेअरच्या दुकानातला कुठलाही प्रायमर मारला तर चालेल का?’

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो: नाही. आपल्याकडे खिडकीच्या ग्रिलला आणि गेटला जो लाल ऑक्साइड मारतात, तो लोखंडासाठी आहे. अ‍ॅल्युमिनियमवर तो नीट धरतही नाही. पहिल्या प्रश्नाला मात्र आजचा पूर्ण भाग लागणार आहे. घरी विमान बांधणाऱ्यांच्या जगात या विषयावर इतकी भांडणं होतात की त्याला गमतीने ‘प्रायमर वॉर’ म्हणतात. कुणी म्हणतो प्रायमर लागतच नाही, कुणी प्रत्येक क्लिपला दोन हात मारतो. गंमत म्हणजे दोघांचीही विमानं उडतायत.

आधी थोडी पार्श्वभूमी

हा छंद मुख्यतः अमेरिकेतला. १९५३ साली विस्कॉन्सिन राज्यात पॉल पोबेरेझ्नी यांनी एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन सुरू केली. तिचा दर उन्हाळ्यातला ऑशकॉशचा मेळावा म्हणजे या लोकांची वारीच. तिथला नियम असा की विमानाच्या बांधणीतलं निम्म्याहून जास्त काम हौशी माणसांनी स्वतः, शिकण्यासाठी किंवा आनंदासाठी केलेलं असलं पाहिजे. मग त्याला ‘एक्सपेरिमेंटल’ वर्गात परवाना मिळतो. बरेच लोक किट विकत घेतात. ओरेगनमधल्या व्हॅन्स एअरक्राफ्टच्या आरव्ही मालिकेची विमानं सगळ्यात जास्त दिसतात, त्याशिवाय झेनिथ आहे, सोनेक्स आहे. किट म्हणजे काय, तर खोकी भरून पत्रे, रिब, अँगल, आणि हजारो रिव्हेट. जोडायचं तुम्ही.

आपल्याकडचं नाव विचाराल तर कॅप्टन अमोल यादव. कांदिवलीच्या चारकोपमध्ये राहत्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी विमान बांधलं आणि २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते बीकेसीला लोकांनी पाहिलं. ते किट नव्हतं, स्वतःचं डिझाइन होतं. पण गच्चीवरची मुंबईची हवा डोळ्यांसमोर ठेवा, आजच्या विषयात ती कामाची आहे.

अ‍ॅल्युमिनियम गंजत नाही ना?

गंजतं. लोखंडासारखं लाल होत नाही एवढंच. शुद्ध अ‍ॅल्युमिनियमवर हवेत लगेच ऑक्साइडचा पापुद्रा तयार होतो, काही नॅनोमीटर जाडीचा, आणि तो खालच्या धातूला वाचवतो. म्हणून घरातलं जर्मनचं पातेलं वर्षानुवर्षं टिकतं. पण शुद्ध अ‍ॅल्युमिनियम मऊ असतं, त्याचं विमान बांधता येत नाही. ताकदीसाठी त्यात दुसरे धातू मिसळावे लागतात. विमानातला नेहमीचा मिश्रधातू म्हणजे २०२४-टी३, त्यात साधारण साडेचार टक्के तांबं असतं. याच तांब्यामुळे तो कणखर होतो आणि याच तांब्यामुळे तो गंजतो. तांब्याचे बारीक कण आणि बाजूचं अ‍ॅल्युमिनियम यांच्यात ओल आली की छोट्या छोट्या बॅटऱ्या सुरू होतात आणि अ‍ॅल्युमिनियम झिजायला लागतं. पांढरी पावडर दिसते ती हीच.

यावर १९२० च्या दशकातच तोड निघाली, तिचं नाव अल्क्लॅड. आत २०२४ चा गाभा आणि दोन्ही बाजूंना जवळपास शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचं पातळ अस्तर. अस्तर स्वतः झिजतं आणि गाभ्याला वाचवतं. आपला जीआय पत्रा आठवा, तिथे जस्त जे काम करतं तेच इथे शुद्ध अ‍ॅल्युमिनियम करतं. आरव्हीसारख्या विमानांचे पत्रे बहुतेक अल्क्लॅडचे असतात.

आता हे अस्तर किती जाड असतं ते बघा. पातळ पत्र्यात प्रत्येक बाजूला साधारण पाच टक्के. पत्रा ०.८ मिलिमीटरचा असेल तर अस्तर होतं ०.०४ मिलिमीटर, म्हणजे ४० मायक्रॉन. आपल्या डोक्यावरचा केस याहून जाड असू शकतो. त्यामुळे उत्साहाने पॉलिश पेपर घेऊन पत्रा चकचकीत घासणारा माणूस स्वतःच्या हाताने विमानाचं चिलखत काढत असतो.

आणि हे अस्तर सगळीकडे नसतं. कापलेल्या कडेला नसतं, भोकाच्या आत नसतं. एक्सट्रूजन म्हणजे साच्यातून दाबून काढलेले अँगल आणि पट्ट्या, त्यांच्यावरही नसतं. दुसरा एक मिश्रधातू आहे ६०६१-टी६, त्यात मुख्यतः मॅग्नेशियम आणि सिलिकॉन असतं, तांबं नावापुरतं. त्याला अस्तर नसतं, पण तो मुळातच गंजाला बरा टिकतो. झेनिथ आणि सोनेक्सची विमानं बहुतेक याच पत्र्याची. म्हणजे ‘अ‍ॅल्युमिनियमला कुठला प्रायमर’ हा प्रश्नच अर्धा आहे. कुठलं अ‍ॅल्युमिनियम, हे आधी सांगावं लागतं.

खरी जागा: दोन पत्र्यांच्या मध्ये

उघड्या पत्र्यावर गंज आला तर दिसतो. घासता येतो, रंग लावता येतो. अडचण येते ती रिब आणि स्किन जिथे एकमेकांवर बसतात तिथे. रिव्हेट ठोकले की त्या दोन पृष्ठभागांमधलं पुन्हा कुणालाच दिसत नाही, विमान मोडीत निघेपर्यंत. आणि ओल नेमकी तिथेच शिरते. केशाकर्षणाने आत ओढली जाते, वाळत नाही. गंजाची पावडर मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते, त्यामुळे रिव्हेटांच्या मधला पत्रा उशीसारखा फुगतो. मेकॅनिक लोक पंखावर तिरका टॉर्च मारून हेच फुगवटे शोधतात.

२८ एप्रिल १९८८ ला हवाईमध्ये अलोहा एअरलाइन्सचं एक बोइंग ७३७ हिलोहून होनोलुलूला जात होतं. २४ हजार फुटांवर त्याचं जवळपास १८ फूट लांबीचं छत उडालं. विमानात ९५ माणसं होती, वैमानिकांनी ते उतरवलं, पण एका हवाई सेविकेचा जीव गेला. त्या विमानाची ८९ हजारांहून जास्त उड्डाणं झाली होती, आणि तीही खाऱ्या हवेत. पत्र्यांच्या जोडातला चिकटवलेला थर सुटला होता, आत ओल आणि गंज, आणि रिव्हेटच्या भोकांपासून निघालेल्या भेगा. हां, लगेच घाबरू नका. ते हवेच्या दाबाने दर उड्डाणाला फुगणारं प्रवासी विमान होतं, घरी बांधलेल्या दोन आसनी विमानाला तो प्रकार लागू नाही. पण जोडाच्या आत काय चाललंय हे बाहेरून कळत नाही, एवढा भाग दोन्हीकडे सारखा.

दुसरी गोष्ट ताजी आहे. व्हॅन्स एअरक्राफ्टने डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या दिवाळखोरी कायद्याखाली पुनर्रचनेसाठी अर्ज केला. कारणं बरीच होती, लेझरने कापलेल्या भागांच्या भोकांचा घोळ सगळ्यात गाजला. पण त्याच काळातली दुसरी डोकेदुखी म्हणजे अर्धवट जोडून येणारी ‘क्विक-बिल्ड’ किटं. त्यातल्या काहींवरचा प्रायमर सदोष निघाला आणि गंज दिसायला लागला. ११ हजारांहून जास्त विमानं ज्यांच्या किटमधून उडाली त्या कंपनीला प्रायमरने इतका त्रास दिला. ‘रंगच तर आहे’ म्हणणाऱ्याला ही गोष्ट सांगा.

पण दुसरी बाजूही ऐका. साठच्या दशकातल्या कितीतरी सेसना विमानांना आतून प्रायमर नव्हताच, नुसता अल्क्लॅड पत्रा. त्यातली पुष्कळ अजून उडतायत. कोरड्या प्रदेशात, हँगरमध्ये ठेवलेली. किनाऱ्यावर उघड्यावर उभी राहिलेली मात्र आतून पांढरी झालेली सापडतात. तेव्हा विमान पुढची तीस वर्षं राहणार कुठे, हाही प्रायमरचाच प्रश्न आहे. सोलापूरच्या हवेला जे चालेल ते रत्नागिरीत चालेलच असं नाही.

कॅनमध्ये काय काय मिळतं

आता मुद्द्यावर येऊ. स्प्रे-कॅनमध्ये अ‍ॅल्युमिनियमसाठी ढोबळमानाने तीन प्रकार मिळतात, आणि तिघांचा स्वभाव वेगळा.

सगळ्यात लोकप्रिय म्हणजे सेल्फ-एचिंग प्रायमर. एसईएम, रस्ट-ओलियम, शेरविन-विल्यम्स अशा कंपन्यांचे कॅन अमेरिकेत गाड्यांच्या रंगाच्या दुकानात मिळतात. यात फॉस्फोरिक आम्ल असतं. ते पत्र्याच्या पृष्ठभागाला जरासं खातं आणि त्याच वेळी रेझिन तिथे घट्ट बसतं. याचा मूळपुरुष म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जहाजांसाठी तयार झालेला ‘वॉश प्रायमर’. थर अगदी पातळ असतो, ८ ते १२ मायक्रॉन. पटकन वाळतो, मिसळामिसळ नाही, गन धुवायची नाही. संध्याकाळी ऑफिसहून आल्यावर चार रिबना मारा आणि जेवायला बसा. लोकांना तो का आवडतो हे कळतं.

पण त्याचं काम चिकटण्याचं आहे, अडवण्याचं नाही. हा थर सच्छिद्र असतो, ओल त्यातून हळूहळू जाते. डब्यावरच्या बारीक अक्षरांत बहुतेक वेळा लिहिलेलं असतं की यावर दुसरा रंग मारा. विमानाच्या आत तो दुसरा रंग जवळजवळ कुणीच मारत नाही. म्हणजे अर्धंच काम झालेलं असतं आणि हिरवा रंग दिसतोय म्हणून मन निश्चिंत. शिवाय जाड थर दिला तर जास्त संरक्षण, हे इथे उलटं पडतं: जाड थरात आम्ल पूर्ण वापरलं जात नाही आणि सॉल्व्हंट आत अडकतो. आणि त्याच्यावर इपॉक्सी मारायचा विचार असेल तर थांबा. उरलेलं आम्ल इपॉक्सीच्या हार्डनरशी भांडतं. दोन्ही चांगल्या गोष्टी एकावर एक मारल्या की आणखी चांगलं होईल, हे मिसळीला लागू, प्रायमरला नाही. एकाच कंपनीने लेखी सांगितलेली जोडी असेल तरच करा.

दुसरा प्रकार झिंक क्रोमेट. विमानाच्या आतला तो ओळखीचा पिवळट-हिरवा रंग मूळचा याचा. याची करामत खरंच भारी आहे. थरावर ओरखडा पडला आणि तिथे ओल आली, की आसपासचं क्रोमेट थोडं थोडं विरघळून उघड्या धातूवर जातं आणि त्याला पुन्हा शांत करतं. जखमेवर आपोआप मलम. म्हणून विमान उद्योगाने त्याला दशकानुदशकं सोडलं नाही.

मात्र त्यात हेक्झाव्हॅलंट क्रोमियम असतं, आणि ते माणसात कर्करोग करतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ते पहिल्या गटात टाकलंय, म्हणजे पुरावा पक्का. अमेरिकेत कामाच्या जागी हवेत त्याची मर्यादा आहे एका घनमीटरमागे ५ मायक्रोग्रॅम. ‘एरिन ब्रोकोविच’ सिनेमा पाहिला असेल तर त्या गावाच्या पाण्यात मिसळलेलं रसायन हेच. स्प्रे-कॅन म्हणजे तर ते धुक्यासारखं हवेत सोडायचं, आणि नंतर कधी तो थर घासायला घेतलात तर धुळीतूनही तेच. माझं स्पष्ट मत: घराला लागून असलेल्या गॅरेजमध्ये, जिथे पोरं सायकल घ्यायला येतात, तिथे क्रोमेटचा कॅन नको. दुसरे पर्याय असताना तर नकोच.

इथे एक फसगत होते. हिरवा रंग म्हणजे क्रोमेट असं नाही. आज बरेच हिरवे कॅन झिंक फॉस्फेटचे किंवा साध्या सेल्फ-एचिंगचे असतात, रंग फक्त परंपरेचा. डब्याचा सेफ्टी डेटा शीट मोबाइलवर दोन मिनिटांत मिळतो. त्यात ‘क्रोमेट’ शब्द आहे का ते बघा, झाकणाचा रंग बघू नका.

तिसरा प्रकार टू-के इपॉक्सी, म्हणजे दोन घटकांचा. कॅनच्या आतच हार्डनरची छोटी कुपी असते. तळाचं बटण दाबलं की कुपी फुटते, डबा खळाखळा हलवायचा, आणि मग फवारायचा. स्प्रेमॅक्सचे असे कॅन प्रसिद्ध आहेत. यात रासायनिक जाळं तयार होतं. पूर्ण पिकल्यावर तो पेट्रोल, ब्रेक ऑइल, अ‍ॅसिटोन यांना बऱ्यापैकी दाद देत नाही, आणि ओल अडवण्यात तिघांत सरस. बंदूक आणि कॉम्प्रेसर न घेता खऱ्या इपॉक्सीच्या सगळ्यात जवळ नेणारा हाच.

पण बटण दाबलं की घड्याळ सुरू. ठरावीक वेळात डबा संपवायचा, उरलेला फेकायचा. त्यामुळे रोज चार क्लिप रंगवणाऱ्या माणसाला तो परवडत नाही, आधी भरपूर भाग तयार करून एका बैठकीत उरकावं लागतं. महागही आहे. आणि त्याची वाफ साध्या कॅनपेक्षा जास्त गंभीरपणे घ्यायची. धुळीचा मास्क किंवा एन-९५ इथे उपयोगाचा नाही, सेंद्रिय वाफांसाठीची काडतुसं असलेला रेस्पिरेटर लागतो. खरं तर तो तिन्ही प्रकारांना लागतो. आणि आसपास गिझरची ज्योत, शेगडी काही नको, कॅनमधला गॅस पेट घेतो.

मग कुणी काय घ्यायचं?

आधी एक हिशेब करू, त्याने बरेच प्रश्न सुटतात. समजा एका छोट्या विमानात आतून मिळून ६० चौरस मीटर पृष्ठभाग आहे. १० मायक्रॉनचा वाळलेला थर, घनता पाण्याच्या दीडपट धरली, तर एका चौरस मीटरला १५ ग्रॅम. सगळं विमान मिळून ९०० ग्रॅम. थर ४० मायक्रॉनचा झाला तर साडेतीन किलोच्या वर. विमानात किलो किलोला महत्त्व आहे, त्यामुळे जाड हात मारणाऱ्याला दंड बसतो.

दुसरा हिशेब कॅनचा. ४०० मिलिलिटरचा एक कॅन साधारण एक ते दोन चौरस मीटर झाकतो. सगळं विमान कॅनने रंगवायचं म्हटलं तर तीस ते साठ कॅन. तेवढ्या पैशात स्वस्तातली स्प्रे गन आणि डब्यातला दोन घटकांचा इपॉक्सी येऊन वर पैसे उरतील. म्हणून माझ्या मते कॅन हा संपूर्ण विमानाचा उपाय नाहीच. तो निवडक जागांचा उपाय आहे, आणि तिथे तो खरंच चांगला आहे.

अल्क्लॅडचे पत्रे आणि रिब, विमान कोरड्या जागी हँगरमध्ये राहणार: मी फक्त जिथे धातू धातूला टेकतो त्या पट्ट्यांवर आणि घासल्या गेलेल्या जागांवर सेल्फ-एचिंगचा एक पातळ हात मारेन, बाकी पत्रा उघडा ठेवेन. अस्तर आपलं काम करतंय, त्याला करू द्या. २०२४ चे एक्सट्रूजन असतील तर त्यांना पूर्ण प्रायमर, आणि शक्य तर टू-के. ६०६१ ला एवढी काळजी नाही, जोडाच्या जागा पुरे.

समुद्राजवळ ठेवणार असाल तर सेल्फ-एचिंगवर विसंबू नका, सरळ इपॉक्सी. तसंच जिथे स्टीलचा ब्रॅकेट अ‍ॅल्युमिनियमवर बसतो तिथे, कारण दोन वेगळे धातू आणि ओल म्हणजे पुन्हा बॅटरी. बॅटरीच्या खोक्याभोवती, आणि पायाखाली, जिथे बुटाची माती आणि पावसाचं पाणी साचतं, तिथे इपॉक्सी आणि त्यावर रंग. आरव्हीसारख्या किटमध्ये पंखाचा मुख्य स्पार अ‍ॅनोडाइझ होऊन सोनेरी रंगात येतो, त्याचं संरक्षण कारखान्यातच झालेलं असतं. त्याला घासायला जाऊ नका.

काही जागी प्रायमर मारायचाच नाही, हे नवख्यांना कुणी सांगत नाही. पेट्रोलच्या टाकीच्या आत नाही. तिथे सीलंट थेट स्वच्छ घासलेल्या धातूला चिकटायला हवं. मध्ये प्रायमर आला तर सीलंटची पकड त्या प्रायमरच्या पकडीइतकीच, आणि गळती सुरू झाली की टाकी उघडण्यासारखं किचकट काम नाही. विजेच्या अर्थिंगच्या जागी नाही, तिथे धातूला धातू लागला पाहिजे. आणि विमानाच्या बाहेरच्या पृष्ठभागावर कॅन नको. बाहेरचा रंग ही खालपासून वरपर्यंत एकाच कंपनीची साखळी असते, पेंटर तुमचा कॅनचा थर आधी काढायलाच लावेल.

डब्यापेक्षा हात महत्त्वाचा

इतकं सगळं ऐकून एखादा भारी कॅन आणाल, पण पत्र्यावर बोटाचं तेल राहिलं तर पैसे पाण्यात. प्रायमर सुटतो तो बहुतेक वेळा तयारीमुळे.

क्रम असा: भोकं पाडून, कडा गुळगुळीत करून, रिव्हेटसाठीचे डिंपल पाडून मग प्रायमर. आधी प्रायमर मारून नंतर डिंपल पाडले तर वाकणाऱ्या जागी थर तडकतो, आणि तीच तर रिव्हेटची जागा. मरून रंगाच्या स्कॉच-ब्राइटने हलकं घासायचं, चमक जाऊन मंद दिसेल इतपतच. लोखंडी ब्रश किंवा स्टील वूल बिलकूल नाही, त्याचे कण अ‍ॅल्युमिनियममध्ये रुततात आणि मग तेच गंजाचं बी होतात. खुणा करायला शिसपेन्सिलही नको. तिच्यातलं ग्राफाइटसुद्धा अ‍ॅल्युमिनियमबरोबर बॅटरी बनवतं, मार्कर पेन वापरा.

मग नायट्राइल हातमोजे घालून अ‍ॅसिटोनने पुसायचं. एका फडक्याने ओलं, दुसऱ्या कोरड्या फडक्याने लगेच टिपून घ्यायचं. नाहीतर तेल फक्त इकडून तिकडे फिरतं. स्वच्छ झालं का ते बघायची युक्ती एकदम सोपी आहे: पत्र्यावर साधं पाणी सोडा. पाण्याची सलग चादर पसरली तर पत्रा स्वच्छ. केळीच्या पानावर होतात तसे थेंब झाले तर अजून तेल आहे. पाणी पूर्ण वाळवून त्याच दिवशी प्रायमर मारा, पत्रा रात्रभर तसाच ठेवू नका.

फवारताना साधारण २० ते ३० सेंटिमीटर अंतर, हात चालता. पहिला थर इतका पातळ की खालचा धातू थोडा दिसतोय. आणि पावसाळ्यात? कॅनमधून बाहेर पडणारा गॅस पृष्ठभाग थंड करतो. दमट हवेत त्या थंड पत्र्यावर दव बसतं आणि थर दुधाळ होतो. तो दुधाळ थर नंतर कधीच नीट धरत नाही. मुंबईच्या जुलैत कॅनचं काम करायचंच असेल तर आधी हवा कोरडी करायची सोय बघा, नाहीतर ऑक्टोबरची वाट बघा.

घरी करून बघण्यासारखं

कुठल्या ब्रँडवर विश्वास ठेवायचा, यावर रात्र रात्र व्हिडिओ पाहण्यापेक्षा तुकडे कापा. खरं विमान नसलं तरी ज्याला बाइकच्या अ‍ॅल्युमिनियम पार्टला किंवा ड्रोनच्या फ्रेमला रंग द्यायचाय, त्यालाही हे लागू आहे. त्याच पत्र्याचे पाच-पाच सेंटिमीटरचे तुकडे घ्या. एक उघडा, बाकीच्यांवर तुमच्या मनातले दोन-तीन प्रायमर. प्रत्येकाच्या मागे नाव आणि तारीख. आठवडाभर वाळू द्या.

मग तीन गोष्टी. ब्लेडने बारीक चौकडी कापून त्यावर चिकटपट्टी दाबा आणि झटक्यात ओढा, किती चौकोन निघाले ते मोजा. अ‍ॅसिटोनचं फडकं पन्नास वेळा घासा. एक-घटकी कॅन बहुधा फडक्यावर उतरेल, नीट पिकलेला टू-के फारसा नाही. पेट्रोल किंवा ब्रेक ऑइल सांडण्याच्या जागी काय वापरायचं हे तिथेच कळतं. तिसरी गोष्ट सावकाश होते: लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम मीठ घाला. दोन तुकडे एकमेकांवर रिव्हेट करून, एकावर ब्लेडने फुली मारून, दिवसा पाण्यात आणि रात्री बाहेर असं महिनाभर करा. नंतर रिव्हेट ड्रिलने काढून आत बघा. वरच्या बाजूपेक्षा त्या जोडाच्या आतलं आणि कापलेल्या कडेचं दृश्य जास्त सांगतं.

यातून तीस वर्षांचं भाकीत निघणार नाही. पण तुमच्या हाताची तयारी, तुमच्या गॅरेजची हवा आणि तुम्ही आणलेला डबा, या तिघांचं जमतंय का एवढं नक्की कळेल, आणि तेही रिव्हेट ठोकायच्या आधी.

तुकड्यांचे फोटो काढलेत तर पाठवा, फुलीच्या जागचा जवळून घेतलेला हवाय. पुढच्या भागात रिव्हेट: चांगला बसलेला कसा ओळखायचा, आणि वाकडा बसलेला काढायचा की तसाच सोडायचा.